शिरोबिंदू आणि एक बिंदू

एका अन्वस्ताचा शिरोबिंदू (३, २) आहे, त्याचा अक्ष य-अक्षाला समांतर आहे आणि ते (५, १०) या बिंदूतून जाते. त्याचे समीकरण काढा.

गणित तीन ओळींचे आहे. शिरोबिंदू ठाऊक असल्यामुळे समीकरण य = अ(क्ष − ३)² + २ असे मांडायचे. क्ष = ५ आणि य = १० घातले की १० = ४अ + २ मिळते, म्हणजे अ = २. उत्तर आले : य = २(क्ष − ३)² + २. कंस सोडवला तर य = २क्ष² − १२क्ष + २०. एवढ्यावर गणित संपते आणि वर्ग पुढच्या गणिताकडे वळतो. हे पुस्तक मात्र या तीन ओळींपाशीच मुक्काम ठोकणार आहे. शालेय बीजगणितात इतक्या कमी जागेत इतके काही साठवलेले गणित मला दुसरे माहीत नाही, आणि ते सूत्रात किमती घालून उरकले जाते याचे मला खरोखर वाईट वाटते.

हे गणित फळ्यावर लिहिले की मुलांचे दोन गट पडतात. ज्यांना शिरोबिंदूचे सूत्र पाठ असते ती मुले पटकन मोकळी होतात. ज्यांना ते आठवत नाही ती य = अ·क्ष² + ब·क्ष + क हे नेहमीचे रूप घेतात, दोन्ही बिंदू त्यात घालतात आणि दोन समीकरणे मिळवतात : २५अ + ५ब + क = १० आणि ९अ + ३ब + क = २. इथे गाडी अडते. अज्ञात राशी तीन आणि समीकरणे दोन. मग कोणीतरी भीतभीत म्हणते, माहिती कमी पडतेय.

माझा जीव या दुसऱ्या गटात गुंतलेला आहे, कारण त्यांची शंका अगदी रास्त आहे. अशा वक्रासाठी तीन गोष्टी लागतात हे त्यांना बरोबर कळले आहे. सरळ रेषेला दोन बिंदू लागतात, वर्तुळाला तीन. मग इथे शिरोबिंदू आणि एक बिंदू एवढ्यावर भागते कसे? तिसरी अट दिलेलीच आहे, पण ती आकड्यांत नाही, ‘शिरोबिंदू’ या शब्दाच्या आत आहे. (३, २) हा वक्रावरचा कोणताही एक बिंदू नव्हे. वक्र तिथे खाली उतरायचा थांबतो आणि वर चढू लागतो. त्याच्या डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर वक्राची उंची सारखी असते. म्हणजे (५, १०) वक्रावर असेल तर (१, १०) हा बिंदूही न मागता मिळाला. नाहीतर हेच −ब/२अ = ३ असे लिहा, म्हणजे ब = −६अ. ते वरच्या दोन समीकरणांत घातले की एकातून क = १० + ५अ आणि दुसऱ्यातून क = २ + ९अ मिळते, म्हणून अ = २. उत्तर तेच. वाट लांबची असली तरी या वाटेने गेलेल्या मुलाला शिरोबिंदूत काय दडले आहे ते दिसते. सूत्र पाठ असलेल्याला ते दिसेलच असे नाही.

अजून एक अट आहे, आणि ती पुष्कळदा छापायचीच राहून जाते : ‘अक्ष य-अक्षाला समांतर आहे’. हे वाक्य काढून टाका आणि गणित पुन्हा वाचा. आता क्ष = (१/३२)(य − २)² + ३ हे आडवे, उजवीकडे उघडणारे अन्वस्तही बरोबर ठरते. त्याचाही शिरोबिंदू (३, २) आहे. य = १० घातले तर ६४/३२ + ३ = ५, म्हणजे तेही (५, १०) मधून जाते. तिरप्या अक्षाची अन्वस्ते मोजायला घेतली तर त्यांना अंतच नाही. तेव्हा वाचकांना पहिल्याच पानावर विनंती आहे की असे गणित समोर आले की अक्ष कुठल्या दिशेला आहे ते आधी शोधा. दिलेले नसेल तर तुम्ही काय गृहीत धरले ते उत्तराच्या वहीत स्वच्छ लिहा.

आता आकडे बाजूला ठेवून थोडे शिरोबिंदूवर जाऊन उभे राहू. तिथून मोजायला लागले की (३, २) हे आकडे गळून पडतात आणि उरते ते एवढेच : उभे अंतर = अ × (आडवे अंतर)². आपल्या गणितात शिरोबिंदूपासून दिलेला बिंदू २ घरे उजवीकडे आणि ८ घरे वर आहे, म्हणून अ = ८/४ = २. याच नियमाने १ घर गेलो तर २ वर, २ घरे गेलो तर ८, मग १८, मग ३२. प्रत्येक पावलाला झालेली वाढ बघा : २, ६, १०, १४. म्हणजे पहिल्या वाढीच्या १, ३, ५, ७ पट. विषम संख्यांची ही रांग पुढे पुन्हा भेटणार आहे, ती लक्षात ठेवा.

अ या अक्षराबद्दल वर्गात एक वाक्य हमखास सांगितले जाते : अ मोठा तर अन्वस्त अरुंद, अ लहान तर पसरट. एका आलेखकागदावर दोन्ही वक्र काढले तर तसे दिसते खरे. पण त्यातून मुलांच्या मनात ठसते ते असे, की अन्वस्ते निरनिराळ्या आकारांची असतात, काही निमुळती, काही थाळीसारखी. हे मात्र खरे नाही. शिरोबिंदूपासून मोजलेले आडवे अंतर आ आणि उभे अंतर उ म्हणू. मग उ = अ·आ². दोन्ही बाजूंना अ ने गुणा : (अ·उ) = (अ·आ)². म्हणजे आकृती अ पट मोठी केली की प्रत्येक अन्वस्त य = क्ष² या एकाच अन्वस्तावर तंतोतंत बसते. य = २क्ष² हे दुप्पट करा, य = क्ष² मिळेल. य = क्ष²/१० हे एक दशांश करा, तेच मिळेल. सगळी वर्तुळे जशी एकाच आकाराची, तशी सगळी अन्वस्तेही एकाच आकाराची. लंबवर्तुळांचे तसे नाही. त्यांत काही जवळजवळ गोल असतात, काही चपटी, आणि एकाला कितीही मोठे केले तरी त्याचे दुसरे होत नाही. आपल्याला अरुंद आणि पसरट वाटणारी अन्वस्ते म्हणजे एकाच गावाचे वेगवेगळ्या प्रमाणांत काढलेले नकाशे.

एक बिंदू का पुरतो याचे उत्तर इथे आहे. अन्वस्ताचा आकार आधीच ठरलेला असतो, तो सांगावा लागत नाही. ते कुठे उभे आहे हे शिरोबिंदू सांगतो आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे अक्ष सांगतो. ते कोणत्या प्रमाणात काढले आहे एवढेच सांगायचे उरते. प्रमाण हा एकच आकडा आहे, आणि एक आकडा ठरवायला एक बिंदू बस्स. माझ्या मते या प्रकरणाचा हाच गाभा आहे. पुस्तकातली उदाहरणे मी याच धाग्यावर ओवली आहेत.

दिलेला बिंदू अगदी कोणताही चालत नाही, हेही त्यातूनच कळते. तो शिरोबिंदूच्या बरोबर वर किंवा खाली असेल तर आडवे अंतर शून्य होते आणि भागाकारच करता येत नाही. तो शिरोबिंदूच्या पातळीत असेल तर अ शून्य येतो आणि हाती आडवी रेषा लागते.

ज्या माणसाने हे गणित निसर्गात पहिल्यांदा मोजून पाहिले, त्याच्याकडे आता वळतो, आणि इथे थोडा जास्त रेंगाळणार आहे. फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओच्या हस्तलिखितांचा ७२ क्रमांकाचा खंड आहे. त्यातल्या ११६ व्या पानाच्या मागच्या बाजूला एक आकृती आहे : एका उंचीवरून निघून खाली पसरत गेलेले वक्र, आणि शेजारी आकडे. हे पान साधारण १६०८ मधले, म्हणजे गॅलिलिओ पादुआच्या विद्यापीठात शिकवत होता तेव्हाचे, मानले जाते. त्याने ते छापले नाही. विज्ञानेतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७३ मध्ये ते अभ्यासकांपुढे ठेवले. त्यांनी लावलेला अर्थ असा : मेजावर उतरण ठेवून तिच्यावरून गोळा सोडायचा. उतरणीच्या पायथ्याशी तो आडवा वळवायचा, म्हणजे मेज सोडताना त्याचा वेग पूर्णपणे आडवा असेल. मग तो जमिनीवर मेजापासून किती लांब पडतो ते मोजायचे. मापाचे एकक ‘पुंतो’ हे मिलिमीटरपेक्षा किंचित लहान. मेजाची उंची ८२८ पुंती, म्हणजे पाऊण मीटरहून थोडी जास्त.

गोळा ३०० पुंती उंचीवरून सोडला तेव्हा तो ८०० पुंतींवर पडला. ६०० वरून सोडला तेव्हा ११७२ वर, ८०० वरून १३२८ वर, ८२८ वरून १३४० वर आणि १००० वरून १५०० वर. पहिल्या मापावरून पुढची मापे किती यायला हवीत ते गॅलिलिओने हिशोबाने काढले होते आणि फरकही टिपून ठेवले होते : ११३१ यायला हवे होते, आले ११७२, फरक ४१, १४६० यायला हवे होते, आले १५००, फरक ४०. प्रयोग करणाऱ्याचा हा प्रामाणिकपणा चारशे वर्षांनंतरही त्या पानावर स्पष्ट दिसतो.

आता आपल्या गणिताच्या डोळ्यांनी हे पान वाचा. गोळा मेजाच्या कडेवरून आडवा सुटतो, म्हणजे कड हाच शिरोबिंदू. वजन सरळ खाली ओढते, म्हणून अक्ष उभा. गोळा जिथे पडला तो दिलेला बिंदू. शिरोबिंदू, अक्ष आणि एक बिंदू : प्रत्येक वेळी आपलेच गणित, फक्त अन्वस्त खाली उघडणारे. पहिल्या वेळी अ चा आकडा (चिन्ह सोडून) ८२८/(८००)², म्हणजे सुमारे ०.००१२९. शेवटच्या वेळी ८२८/(१५००)², म्हणजे सुमारे ०.०००३७. सोडण्याची उंची वाढली तसा गोळ्याचा वेग वाढला, अन्वस्त पसरले आणि अ लहान झाला. या अ ला त्या त्या वेळच्या सोडण्याच्या उंचीने गुणून पाहा. पाच गुणाकार येतात : सुमारे ०.३९, ०.३६, ०.३८, ०.३८ आणि ०.३७. आडवा वेग उतरणीच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असेल तर हा गुणाकार दर वेळी तोच यायला हवा, आणि तो जवळजवळ तोच आला आहे.

याच्याही पुढे जाता येते. गोळा उतरणीवरून घर्षणाशिवाय नुसता घसरत आला असता तर हा गुणाकार बरोबर पाव, म्हणजे ०.२५, आला असता. भरीव गोळा न घसरता घरंगळत येतो तेव्हा त्याची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते, पुढे जाण्याचा वेग तेवढा कमी राहतो आणि गुणाकार ७/२०, म्हणजे ०.३५, यायला हवा. गॅलिलिओचे आकडे ०.३५ च्या थोडे वर आहेत. उरलेला फरक उतरणीतल्या पन्हळीतून घरंगळण्याचा आणि पायथ्याच्या वळणावर गमावलेल्या वेगाचा असू शकतो. फिरणाऱ्या गोळ्याच्या ऊर्जेचा हिशोब गॅलिलिओच्या हाती नव्हता. पण त्याच्या मेजाखाली पडलेल्या खुणांत ती माहिती होती, आणि शिरोबिंदू व एका बिंदूवरून अ काढणाऱ्या अकरावीच्या मुलाला ती आज वाचता येते. हे मला फार मोलाचे वाटते.

गॅलिलिओने समीकरण असे लिहिलेच नाही. त्याचा ‘दोन नव्या विज्ञानांविषयीचे संवाद’ हा ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात छापला गेला. तेव्हा तो फ्लोरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत होता. त्याच लायडनमध्ये आदल्याच वर्षी, १६३७ मध्ये, रने देकार्तची भूमिती प्रसिद्ध झाली होती. वक्राला समीकरण जोडण्याची रीत युरोपात त्या पुस्तकाने रुजवली. गॅलिलिओ मात्र ग्रीकांच्या रीतीने बोलतो. शिरोबिंदूपासून खाली गेलेली अंतरे ही बाजूला गेलेल्या अंतरांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, हे त्याला पेर्गाच्या अपोलोनियसच्या शांकवांवरील ग्रंथामुळे ठाऊक होते. आणि पडणारी वस्तू सारख्या वेळांत १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतर तोडते, हे त्याने स्वतः शोधले होते. वर लक्षात ठेवायला सांगितलेली विषम संख्यांची रांग ती हीच. आडवे अंतर दर क्षणाला सारखे, उभे अंतर १, ३, ५, ७ या पावलांनी वाढते. दोन्ही एकत्र केले की अन्वस्त. म्हणजे शिरोबिंदूवर उभे राहून मोजणे हीच मुळातली रीत. अ, ब, क असे तीन सहगुणक असलेले पसरलेले रूप नंतर आले.

पसरलेल्या रूपाकडून शिरोबिंदूकडे परत यायचे तर पूर्ण वर्ग करावा लागतो, आणि इथे वाट आपल्या मातीत येते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. त्यांच्या ‘बीजगणिता’त वर्गसमीकरणाचे प्रकरण मध्यमाहरण या नावाने येते, आणि तिथे ते श्रीधराचार्यांचा नियम त्यांच्या नावानिशी देतात : वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणा आणि अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. आपल्या समीकरणावर हा नियम चालवून पाहू. २क्ष² − १२क्ष = य − २०. वर्गाचा सहगुणक २, त्याची चौपट ८. गुणल्यावर १६क्ष² − ९६क्ष = ८य − १६०. मूळ सहगुणक १२, त्याचा वर्ग १४४. तो मिळवल्यावर (४क्ष − १२)² = ८य − १६. म्हणजे १६(क्ष − ३)² = ८(य − २), आणि य − २ = २(क्ष − ३)². शिरोबिंदू (३, २) परत आला, आणि वाटेत एकही अपूर्णांक आला नाही. आज शिकवली जाणारी रीत आधी सहगुणकाने भागते आणि मग अर्ध्याचा वर्ग मिळवते. त्या अर्ध्या-पाव अपूर्णांकांत गोंधळणाऱ्या मुलांना श्रीधराचार्यांची रीत जरूर दाखवा. ते गणिती अज्ञात संख्या शोधत होते, वक्र काढत नव्हते, हे मात्र सांगायला हवे. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे दिसायला आलेख यावा लागला.

महाराष्ट्रात अन्वस्त पाहायचे तर जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जावे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांच्या सहलींची रीघ लागते. तबकडीचा मधून घेतलेला छेद अन्वस्त आहे. मधला तळ हा शिरोबिंदू, आणि कडेवरचा कोणताही बिंदू शिरोबिंदूपासून २२.५ मीटर बाजूला. अक्षाला समांतर येणाऱ्या लहरी तबकडीवरून परावर्तित होऊन नाभीत एकवटतात, आणि नाभी शिरोबिंदूपासून १/(४अ) अंतरावर असते. इथे ते अंतर १८.५४ मीटर आहे. म्हणून अ = १/७४.१६, म्हणजे सुमारे ०.०१३५, आणि कडेची उंची २२.५ × २२.५ ÷ ७४.१६, म्हणजे सुमारे ६.८३ मीटर. उलट बाजूने आलात तर हेच आपले गणित होते : तळ आणि कडेचा एक बिंदू घ्या, अ काढा, आणि लहरी टिपणारा ग्राहक कुठे टांगायचा ते ठरवा. ज्या चार खांबांवर तो ग्राहक धरलेला असतो, त्यांच्या टोकाकडे बघताना १/(४अ) हे अंतर डोळ्यांनी दिसते.

या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, जाळीच्या आहेत. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांच्या चौकटींवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारेची जाळी ताणण्याची युक्ती काढली. वाऱ्याचा जोर कमी बसतो, वजन कमी राहते आणि खर्चही आवाक्यात येतो. बारकाईने पाहिले तर जाळीचा प्रत्येक तुकडा सपाट आहे. अन्वस्त आहे ते सांधे जुळवल्यावर. पण ज्या लहरी टिपायच्या त्यांची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, त्यामुळे सपाट तुकड्यांनी पडणारा थोडा फरक चालून जातो. समीकरण किती काटेकोर पाळायचे हे काम ठरवते, ही गोष्ट गणिताच्या तासाला क्वचितच सांगितली जाते.

घराच्या गच्चीवरच्या टीव्हीच्या डिशकडे पाहून मात्र हेच गणित करायला जाऊ नका. ती बहुतेक वेळा मोठ्या अन्वस्ताकार पृष्ठाचा एका बाजूचा तुकडा असते, म्हणून तिचा ग्राहक मधोमध न येता खाली, एका बाजूला येतो. तिचा मध्य हा शिरोबिंदू नसतो. शिरोबिंदू असतो तिच्या खालच्या कडेच्या आसपास. दिलेला बिंदू खरोखर शिरोबिंदू आहे का, हा प्रश्न तिथे विचारावाच लागतो.

दुसरा प्रश्न याहून मूलभूत आहे : वक्र खरोखर अन्वस्त आहे का? शिरोबिंदू आणि एक बिंदू दिला की समीकरण निघते, पण वक्र कोणता आहे हे त्या दोन बिंदूंना विचारून कळत नाही. दोन खिळ्यांना अडकवलेली साखळी घ्या. गॅलिलिओनेही अन्वस्त काढायला अशी साखळी सुचवली होती, आणि ताणून धरलेल्या साखळीपुरते ते जवळजवळ बरोबर आहे. पण तो वक्र निराळा आहे, हे १६९१ मध्ये लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी त्याचे समीकरण काढून दाखवले. ओळखायची युक्ती सोपी आहे. अन्वस्तात शिरोबिंदूपासून अर्ध्या अंतरावर उंची नेमकी पाव असते. साखळी तिच्या अर्ध्या रुंदीच्या सुमारे १.४ पट खोल लोंबत असेल तर तिथे पावऐवजी जेमतेम एक पंचमांश येते. झुलत्या पुलाच्या मुख्य दोराचे पुन्हा वेगळे. त्याच्यावर भार पुलाच्या रस्त्याचा असतो आणि तो आडव्या लांबीवर सारखा वाटलेला असतो, म्हणून तो दोर अन्वस्ताच्या जवळ जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा मुख्य गाळा १२८० मीटरचा आणि दोराचा झोल १४३ मीटरचा. मधल्या तळापासून ३२० मीटरवर दोर तळापेक्षा सुमारे ३६ मीटर वर असणार, हे तोंडी सांगता येते.

दहावीला वर्गसमीकरणे, अकरावीला शांकव आणि भौतिकशास्त्रात प्रक्षेप्याची गती, अशा तीन ठिकाणी आपली मुले या एकाच वक्राला भेटतात, आणि तीन वेगळ्या लोकांना भेटल्यासारखी वागतात. या तिन्ही भेटी एका जागी आणाव्यात म्हणून हे पुस्तक आहे. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, पण पहिल्या प्रकरणातला प्रयोग मात्र सोडू नये. तो गॅलिलिओने १६३८ च्या ‘संवादां’त सांगितला आहे : अक्रोडाएवढा गुळगुळीत काशाचा गोळा, जवळजवळ उभ्या धरलेल्या धातूच्या आरशावरून तिरपा फेकायचा, की त्याची वाट अन्वस्त उमटवते. शाळेत काशाचा गोळा नको. ड्रॉइंग बोर्ड थोडा तिरपा टेकवावा, त्यावर आलेखकागद लावावा, त्याच्या आडव्या रेषा जमिनीला समांतर आहेत हे पाहावे, आणि छोटा गुळगुळीत गोळा शाईत बुडवून एका बाजूने वरच्या दिशेला ढकलावा. तो वर जातो, वळतो आणि खाली येतो.

कागदावर शाईची रेघ मिळाली की पहिली अडचण शिरोबिंदूचीच येते. तिथे वक्र जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे नेमका बिंदू नजरेने ठरवायला गेलात तर दोघांची दोन उत्तरे येतील. नजरेवर सोडू नका. रेघेला दोन ठिकाणी छेदणाऱ्या दोन-तीन आडव्या रेषा काढा, प्रत्येकीचा मध्य शोधा आणि ते मध्य जोडा. जोडरेषा उभी आली तर तोच अक्ष, आणि तो वक्राला जिथे छेदतो तो शिरोबिंदू. ती झुकलेली आली तर फळी किंवा कागद नीट बसलेला नाही; प्रयोग पुन्हा करा. मग शिरोबिंदूपासून शक्य तितका लांबचा बिंदू घ्या, कारण जवळच्या बिंदूची अंतरे लहान असतात आणि मापातली मिलिमीटरभर चूक अ ला फार हलवते. त्या बिंदूवरून अ काढा, समीकरण लिहा, आणि त्याच्या अर्ध्या आडव्या अंतरावर जाऊन पट्टीने मोजा. उभे अंतर पाव भरते का ते बघून आकडा वहीत टिपा, फरक असेल तर फरकासकट.